सड्यावरच्या नोंदींसाठी ह्युगोची थीम बसवताना

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावाभोवतीच्या कातळसड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाट पठारांवर, पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींच्या आणि रानभाज्यांच्या नोंदी मी बरीच वर्षे वह्यांमध्ये लिहीत आले आहे. त्या नोंदी छायाचित्रांसह, ह्युगो या पाने तयार करून देणाऱ्या प्रणालीने, एका स्थिर संकेतस्थळावर मांडण्याचे काम मी मे २०२५ मध्ये, शाळेच्या सुट्टीत, हाती घेतले आणि ऑगस्टच्या मध्यावर ते संकेतस्थळ लोकांना वाचता येईल अशा स्थितीत आले. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. संगणकशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही, आणि टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कमांड लिहिण्याची वेळ त्याआधी माझ्यावर कधी आली नव्हती. या विषयावरच्या इंग्रजी मार्गदर्शिका पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही उत्तमही आहेत. परंतु त्या सगळ्या रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेल्या असल्यामुळे त्याच थीममध्ये, म्हणजे पानांच्या रूपाच्या तयार साच्यात, मराठी मजकूर घातल्यावर काय होते, याविषयी त्यांत अवाक्षर नसते. माझा बहुतेक वेळ नेमका तिथेच गेला, म्हणून घडले त्या क्रमाने सगळे लिहून ठेवत आहे.

स्थिर संकेतस्थळ म्हणजे ज्याची पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात असे संकेतस्थळ. वाचक पान मागतो तेव्हा सर्व्हरवर डेटाबेसमधून काही शोधून पान जुळवण्याचा खटाटोप होत नाही. तयार फाईल उचलून पाठवली जाते. लेखकाने नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत लिहायच्या, जनरेटर नावाच्या प्रणालीने त्या फायली थीमच्या साच्यात ओतून पाने तयार करायची, आणि ती पाने कुठेतरी ठेवायची, एवढाच हा व्यवहार आहे. मला याची दोन कारणांनी ओढ होती. एक म्हणजे दरमहा भाडे भरावे लागत नाही. दुसरे म्हणजे पाने हलकी राहतात, आणि ज्या वाचकांसाठी मी हे करत होते त्यांच्यातले निम्मे लोक खाडीकाठच्या वाड्यांमध्ये राहतात, जिथे मोबाईलची रेंज पडवीत मिळते आणि माजघरात जाते.

जनरेटर निवडताना जेकिल आणि ह्युगो ही दोन नावे पुढे आली. जेकिल २००८ पासूनचे, रूबी भाषेतले; ह्युगो २०१३ चे, गो भाषेतले. माझ्याकडे विंडोजचा जुना लॅपटॉप आहे आणि जेकिलसाठी आधी रूबीची सगळी मांडामांड करावी लागते, तर ह्युगो ही एकच फाईल असते. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, तू ह्युगोच घे, आणि घेताना एक्स्टेंडेड आवृत्तीच घे, कारण पुढे कुठल्याही थीमला सॅस लागले तर अडून बसायला नको." (सॅस ही पानाच्या रूपाच्या सूचना लिहिण्याची एक भाषा.) विनगेट या विंडोजच्याच सोयीने ती एका कमांडीत उतरली. त्याच पद्धतीने गिट हे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधनही उतरवले. साइट नव्याने तयार करण्याची कमांड दिल्यावर आर्केटाइप्स, असेट्स, कंटेंट, लेआउट्स, स्टॅटिक, थीम्स असे फोल्डर आणि ह्युगो डॉट टॉमल ही सेटिंगची फाईल तयार होते. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये या फाईलचे नाव कॉन्फिग डॉट टॉमल असे दिलेले असते; जानेवारी २०२३ मधल्या ०.११० आवृत्तीपासून ते बदलले. दोन्ही नावे चालतात, तेव्हा त्या फरकाने घाबरून जाऊ नये.

त्यानंतर थीमची निवड. ह्युगोच्या दालनात शेकडो थीम मांडलेल्या आहेत आणि प्रत्येकीचा नमुना मोठ्या छायाचित्रांनी आणि दोन-तीन शब्दांच्या इंग्रजी शीर्षकांनी नटवलेला असतो. माझे मत असे झाले की थीम पहिल्या पानावरून निवडूच नये. वाचक शोधयंत्रातून किंवा व्हॉट्सॲपवरच्या दुव्यावरून थेट आतल्या पानावर येतो आणि पहिले पान बहुतेकांच्या दृष्टीसही पडत नाही. म्हणून मी आतले लेखाचे पान, शेवटचा बदल कधी झाला त्याची तारीख, परवाना आणि किमान कोणती ह्युगो आवृत्ती लागते, एवढ्या गोष्टी पाहिल्या. शेवटची बाब महत्त्वाची आहे, कारण एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ०.१४६ आवृत्तीने साच्यांच्या फोल्डरांची रचना बदलली आणि त्यामुळे बऱ्याच काळात हात न लागलेल्या थीम नव्या ह्युगोवर बसवताना कुरकुर होऊ शकते.

याखेरीज मी एक कसोटी तयार केली, आणि ती मी प्रत्येकाला सुचवेन. अवघड अक्षरांचा एक परिच्छेद लिहून तो प्रत्येक थीममध्ये शीर्षक, उपशीर्षक, मजकूर आणि छायाचित्राखालची ओळ अशा चारही जागी घालून पाहायचा. माझ्या परिच्छेदात 'किनाऱ्यावर', 'तऱ्हेतऱ्हेची', 'कीर्ती', 'दृष्टी', 'ज्ञान', 'ॲसिड', 'ऑगस्ट' हे शब्द होते आणि शीर्षकात 'कुर्डू' होता. कुर्डू ही पावसाळ्यातली रानभाजी असल्यामुळे तिचे पान होणारच होते. शिवाय या चिमुकल्या शब्दात डोक्यावर रफार आणि त्याच अक्षराच्या पायाशी दीर्घ उकार असल्यामुळे ओळीची उंची वर आणि खाली एकदमच तपासता येते.

पहिली थीम, जिचे नाव मी इथे देत नाही, ती दिसायला फार देखणी होती. तिच्यात शीर्षकांच्या अक्षरांमध्ये थोडे जास्तीचे अंतर ठेवलेले होते. रोमन अक्षरे मुळातच सुटी असल्यामुळे त्यांना ते शोभते. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते. लॅपटॉपवर ते चटकन लक्षात येत नव्हते. शेजारच्या काकींना सड्यावरच्या भाज्या माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक आहेत, म्हणून नोंदी तपासून घेण्यासाठी मी ते पान त्यांच्या जुन्या मोबाईलवर उघडून दाखवले, तर मजकुराकडे वळण्याआधीच त्या म्हणाल्या, "गो बाय, ही अक्षरां अशी सुटी सुटी कित्या दिसतत?" मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, तर 'किनाऱ्यावर' या शब्दावरची रेघ प्रत्येक अक्षरापाशी केसाएवढी तुटलेली होती आणि रेघांच्या तुकड्यांखाली अक्षरे एकेकटी लोंबत होती. त्याच थीममध्ये शीर्षकाच्या ओळीची उंची अक्षराच्या १.१ पट इतकीच ठेवलेली होती आणि चौकटीबाहेर जाणारा भाग कापावा अशी सूचनाही होती. त्यामुळे 'कुर्डू'चा उकार तळाशी अर्धा छाटला गेला आणि तो ऱ्हस्व आहे की दीर्घ ते कळेना. या दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात, पण त्या थीममध्ये हे आकडे ठिकठिकाणी विखुरलेले होते. ती मी सोडून दिली.

२५ मे रोजी पाऊस सिंधुदुर्गात दाखल झाला, म्हणजे नेहमीपेक्षा चांगलाच लवकर. त्यानंतरच्या दिवसांत वीज आणि नेट यांचा भरवसा राहिला नाही. तरीही काम थांबले नाही, याचे श्रेय ह्युगोच्या रचनेला आहे. ह्युगो सर्व्हर ही कमांड दिली की संकेतस्थळ आपल्याच लॅपटॉपवर, लोकलहोस्टच्या १३१३ क्रमांकाच्या दारावर, उघडते आणि फाईल जतन करताच ब्राउझरमधले पान आपोआप बदलते. याला इंटरनेट लागत नाही. कमांडीत मोठ्या लिपीतले डी हे अक्षर जोडले म्हणजे कच्च्या नोंदीही दिसतात. रेंज असेल तेव्हा थीम आणि फॉन्ट उतरवून ठेवावेत आणि बाकीचे काम बॅटरीवर करावे.

दुसरी निवड पेपरमॉड या थीमची केली. तिचा परवाना एमआयटी आहे, म्हणजे ती फुकट वापरता येते आणि बदलताही येते. ती मी गिटच्या सबमोड्यूल पद्धतीने, म्हणजे थीमचा मूळ साठा दुव्याने जोडून, थीम्स फोल्डरात घेतली आणि सेटिंगच्या फाईलमध्ये तिचे नाव लिहिले. थीमच्या फोल्डरातल्या कोणत्याही फाईलला हात लावायचा नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. ह्युगो एखादा साचा शोधताना आधी आपल्या स्वतःच्या लेआउट्स फोल्डरात पाहते आणि तिथे नसेल तरच थीमकडे जाते. तेव्हा जे बदलायचे आहे त्या फाईलची प्रत त्याच नावाने आणि त्याच मार्गावर आपल्या फोल्डरात ठेवायची आणि तिच्यात बदल करायचा. थीमची नवी आवृत्ती आली तरी आपले बदल शाबूत राहतात. पेपरमॉडमध्ये आणखी एक सोय अशी की असेट्स फोल्डरात सीएसएस आणि त्यात एक्स्टेंडेड नावाचा फोल्डर करून तिथे कोणत्याही नावाची सीएसएस फाईल, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांची फाईल, ठेवली, तर ती थीमच्या फाईलींबरोबर आपोआप जोडली जाते. माझी सगळी देवनागरी दुरुस्ती त्या एका फाईलमध्ये आहे.

त्या फाईलमध्ये काय आहे ते सविस्तर सांगते. शीर्षकांची ओळ-उंची १.२ होती, ती मी १.५ केली, मजकुराची १.६ होती, ती १.८ केली. अक्षरांमधले अंतर सर्वत्र शून्यावर आणले. मजकुराचा आकार किंचित वाढवला, कारण त्याच आकड्याला देवनागरी अक्षरे रोमनपेक्षा बारीक भासतात आणि जोडाक्षरांचे तपशील भरून जातात. पहिल्या पानावर प्रत्येक नोंदीचा सारांश दोन ओळींत कापला जातो, तिथेही खालच्या ओळीचे उकार छाटले जात नाहीत ना हे पाहिले आणि चौकटीला तळाशी थोडी जागा दिली.

फॉन्टचा विचार मात्र महिनाभर चालला. थीम स्वतःचा फॉन्ट आणत नाही. वाचकाच्या उपकरणात जो असेल तो वापरते. म्हणजे विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर, आणि प्रत्येक ठिकाणी तेच पान वेगळे. बातम्यांच्या संकेतस्थळाला हे चालेल. माझ्या डोक्यात ल आणि श होते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणे प्रमाण ठरवली आणि शाळेत आम्ही तीच गिरवून घेतो, पण बहुतेक फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येते. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असे ब्राउझरला कळले तरच मराठी वळण निघते. म्हणून पानाच्या मुळाशी भाषेचा संकेत बरोबर असणे आवश्यक असते. ह्युगोच्या सेटिंगमध्ये भाषेच्या कोडची एक ओळ आणि मूळ आशयभाषेची दुसरी ओळ असते. काही थीम पहिली वाचतात, काही दुसरी, म्हणून दोन्ही ठिकाणी मराठीचा एमआर हा संकेत लिहावा आणि तयार पानाचा सोर्स उघडून तो खरोखर उतरला आहे का ते पाहावे. संकेत चुकीचा राहिला तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी साधनेही मराठी इंग्रजी धाटणीने वाचू पाहतात, हा आणखी एक तोटा.

शेवटी मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी घेतला, ज्यात मराठी वळणे मुळातच आहेत. त्यात सरळ आणि तिरपे अशी दोनच वळणे मिळतात, ठळक मिळत नाही. ब्राउझर मग स्वतःच अक्षर फुगवून ठळक करतो आणि ते डोळ्यांना खुपते. म्हणून शीर्षकांना आणि ठळक शब्दांना मुक्ता लावला, जो मुंबईच्या एक टाईप या संस्थेचा आहे आणि ज्यात सात वजने, म्हणजे अक्षराच्या जाडीचे सात प्रकार, आहेत. तिरपे वळण शास्त्रीय नावांच्या कामी आले; कोकणातच आढळणाऱ्या दीपकाडीचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत तिरपेच छापायचे असते. दोन्ही फॉन्टचा परवाना मुक्त असल्यामुळे ते दुसऱ्या सर्व्हरवरून न मागवता मी स्वतःच्या स्टॅटिक फोल्डरात ठेवले. देवनागरी फॉन्टची फाईल जोडाक्षरांमुळे रोमन फॉन्टपेक्षा जड असते, आणि तिचे वजन घटवण्यासाठी 'न लागणारी' अक्षरे कापून टाकणारी साधने मिळतात. मराठीसाठी ती जपून वापरावीत. ऱ हे अक्षर हिंदीत लागत नाही म्हणून यादीतून गळले, तर 'वाऱ्यावर', 'दऱ्या', 'तऱ्हा' या सगळ्यांची वाट लागते. मी फॉन्ट अखंड ठेवले, फक्त डब्ल्यूओएफएफ२ या दाबलेल्या स्वरूपात बदलून घेतले, आणि फॉन्ट उतरेपर्यंत उपकरणातल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसत राहावा अशी सूचना सीएसएसमध्ये लिहिली. कमी रेंजच्या वाचकाला त्यामुळे कोरे पान पाहत बसावे लागत नाही.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्यावर वेग मंदावला. रात्रीचे तास-दीड तास तेवढे हाती लागत. त्या काळात थीममधले इंग्रजी शब्द मराठी केले. पुढचे पान, मागचे पान, मुख्य पान, अनुक्रमणिका हे शब्द थीममध्ये आय१८एन नावाच्या फोल्डरात प्रत्येक भाषेच्या वेगळ्या फाईलमध्ये असतात. मी इंग्रजी फाईल समोर ठेवून त्याच खुणांची मराठी फाईल स्वतःच्या फोल्डरात तयार केली. तारखांसाठी ह्युगोतच भाषेनुसार महिन्याची नावे देण्याची सोय आहे, तेव्हा सेटिंगमध्ये तारखेचा लांब नमुना निवडल्यावर 'जुलै', 'ऑगस्ट' अशी नावे आली. 'इतक्या मिनिटांचे वाचन' ही पाटी मात्र मी काढून टाकली. ह्युगो मिनिटाला सुमारे २१३ शब्द असा हिशोब धरते आणि मोकळ्या जागांवरून शब्द मोजते. 'किनाऱ्यावरच्यासुद्धा' हा मराठीत एक शब्द होतो आणि इंग्रजीत त्याचे चार-पाच होतील. असला आकडा छापण्यात मला अर्थ दिसला नाही.

नोंदीचे पत्ते रोमन लिपीतच ठेवावेत, असे मी अनुभवाने सांगेन. फाईलचे नाव देवनागरीत दिले तर ब्राउझरमध्ये ते छान दिसते. तोच पत्ता उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केवारीच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे आणि पत्त्यात प्रत्येक बाइटाला तीन अक्षरे, त्यामुळे 'टाकळा' या पाच चिन्हांच्या शब्दाची पंचेचाळीस अक्षरे होतात. प्रत्येक नोंदीच्या शिरोभागात स्लग नावाची ओळ असते, तिथे टाकळा, भारंगी, फोडशी ही नावे रोमन लिपीत लिहिली. शीर्षक अर्थातच मराठीत राहते.

शोधाची सोय पेपरमॉडमध्ये आहे. त्यासाठी सेटिंगमध्ये मुख्य पानाच्या फलितांत, म्हणजे ते पान कोणकोणत्या स्वरूपांत काढायचे त्या यादीत, जेसन हे माहिती मांडण्याचे स्वरूपही जोडावे लागते आणि शोधाचे एक वेगळे पान करावे लागते. इथे एक विचित्र गोष्ट आढळली. 'ऱ्या' दोन-तीन प्रकारे टंकता येते: काही कळफलक ऱ हे स्वतंत्र चिन्ह देतात, काही र खाली नुक्ता, काही जोडणीचे अदृश्य चिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच. शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. मी माझ्या सर्व नोंदींत शोधा-आणि-बदलाने ऱ हेच एक रूप केले. वाचकाच्या कळफलकावर माझा ताबा नाही, तेव्हा उरलेल्यांसाठी प्रत्येक भाजीचे मालवणी नावही त्याच पानावर दिले.

छायाचित्रांचे वजन हा खरा धोका होता. मोबाईलचे एक छायाचित्र चार-पाच एमबीचे असते. ह्युगोच्या एक्स्टेंडेड आवृत्तीत पान तयार होताना चित्रे लहान करून वेबपी स्वरूपात बदलण्याची सोय आहे. त्यासाठी चित्र नोंदीच्याच फोल्डरात ठेवावे आणि चित्रांचा छोटा साचा लेआउट्समध्ये लिहावा. आठशे पिक्सेल रुंदीला माझी बहुतेक चित्रे शंभर-सव्वाशे केबीवर आली. दुसरी बाब याहून गंभीर आहे. मोबाईलच्या चित्रात ती जागा अक्षांश-रेखांशासह नोंदलेली असते. ह्युगोने लहान केलेल्या चित्रातून ती माहिती गळते, पण मूळ चित्र फोल्डरात आणि पुढे गिटहबवर, म्हणजे गिटमधल्या फायली ठेवण्याच्या संकेतस्थळावर, जसेच्या तसे जाते. सड्यावरच्या काही कंदवर्गीय वनस्पती उपटून नेणारे लोक आहेत, आणि त्यांना पत्ता देण्याचे काम आपण करू नये. फोल्डरात ठेवण्याआधीच प्रत्येक चित्रातली स्थानाची माहिती काढून टाकावी.

जुलैमध्ये गिटहबवर खाते उघडले. तिथे दुहेरी पडताळणी करावी लागते. मोबाईलवर त्यासाठीचे ॲप घ्यावे, आणि खाते परत मिळवण्याचे जे कोड मिळतात ते छापून रेशनकार्डाच्या फाईलमध्ये ठेवावेत. मोबाईल पाण्यात पडण्याची शक्यता आमच्याकडे नेहमीचीच. गिटहब पेजेस ही तयार पाने लोकांपुढे मांडण्याची सोय फुकट आहे, पण फुकटच्या खात्यात रिपॉझिटरी, म्हणजे फायलींचा साठा, सार्वजनिक ठेवावी लागते. म्हणजे कच्च्या नोंदीही कोणी पाहू म्हटल्यास पाहू शकतो. तयार संकेतस्थळासाठी एक जीबीची मर्यादा आहे. पेजेसच्या सेटिंगमध्ये स्रोत म्हणून गिटहब ॲक्शन्स निवडायचे आणि ह्युगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेत दिलेली वर्कफ्लोची, म्हणजे पाने आपोआप तयार करून चढवण्याच्या सूचनांची, फाईल जशीच्या तशी घ्यायची. त्या फाईलमध्ये सबमोड्यूलही उतरवून घ्यावेत अशी ओळ असते, ती पुसली जाऊ देऊ नये. नाहीतर थीमचा फोल्डर रिकामाच जातो, साचा सापडत नाही असा इशारा येतो आणि संकेतस्थळाच्या जागी कोरे पान उघडते. त्याच फाईलमध्ये ह्युगोची आवृत्ती लिहिलेली असते. ती आणि लॅपटॉपवरची आवृत्ती एकच ठेवावी.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचे स्वतःचे नाव, २१ जुलैला घेतले. डॉट इनचा पहिल्या वर्षाचा दर साडेचारशे रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ५३१ रुपये झाले. नूतनीकरणाचा दर जवळजवळ दुप्पट आहे आणि तो बारीक अक्षरांत लिहिलेला असतो, तो आधी वाचावा. खरेदीच्या टोपलीत होस्टिंग आणि ई-मेलच्या सेवा आपोआप येऊन बसल्या होत्या, त्या काढल्या. ई-मेलवर आलेल्या दुव्यावर जाऊन पडताळणी केल्याशिवाय पुढे सरकता आले नाही. डॉट भारत हा देवनागरी पर्यायही मी पाहिला होता, परंतु काही ठिकाणी तो एक्सएन या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात दिसतो, आणि पत्ता तोंडी सांगून पसरायचा असल्याने साध्या नावावर थांबले.

डोमेन जोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गिटहबच्या सेटिंगमध्ये आपले डोमेन लिहावे आणि मग डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये डीएनएसच्या, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या, नोंदी कराव्यात. उलट केल्यास मधल्या काळात दुसरा कोणी आपल्या नावावर पान लावू शकतो. याच कारणाने गिटहब देते ती टीएक्सटी नोंद करून डोमेन पडताळून घेणे बरे. मूळ नावासाठी ए प्रकारच्या चार नोंदी लागतात: १८५.१९९.१०८.१५३ आणि पुढे १०९, ११०, १११ असे तिसरे घर बदलत जाणारे पत्ते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम नोंद गिटहबवरच्या आपल्या पत्त्याकडे. कंपनीने आधीच लावलेली जाहिरातीच्या पानाची ए नोंद पुसावी लागते. ती राहिली तर कधी आपले पान, कधी जाहिरात असा खेळ चालतो. पत्ता काही तासांत लागला, पण सुरक्षित जोडणीची सक्ती करण्याची खूण दुसऱ्या दिवसापर्यंत करडीच होती. गिटहब स्वतःच यासाठी २४ तासांपर्यंतचा अवधी सांगते. तोवर ब्राउझर 'सुरक्षित नाही' असे बजावत असतो, म्हणून तेवढा वेळ दुवा कोणालाही पाठवू नये.

१४ ऑगस्टला संकेतस्थळ गावच्या गटावर पाठवले. त्यानंतर उद्भवलेली एक अडचण सांगण्याजोगी आहे, कारण ती भारतातल्या प्रत्येकाला येऊ शकते. सकाळी सात वाजता लिहून पाठवलेली नोंद दिसेचना. वर्कफ्लोवर हिरवी खूण होती, चूक कुठेच नव्हती. ह्युगो भविष्यातली तारीख असलेली नोंद प्रकाशित करत नाही, आणि तारखेपुढे वेळेचा विभाग लिहिलेला नसेल तर ती वेळ जागतिक प्रमाणवेळ मानते. आपल्या सकाळच्या सातला तिथे रात्रीचा दीड वाजलेला असतो, त्यामुळे ती नोंद दुपारी साडेबारापर्यंत भविष्यातली ठरते. त्यानंतरही ती आपोआप येत नाही. पाने पुन्हा तयार करावी लागतात. सेटिंगच्या फाईलमध्ये टाइमझोन म्हणून एशिया-कोलकात्याची ओळ घातली की हा प्रश्न मिटतो.

गणपती उरकल्यावर थीम अद्ययावत केली. सबमोड्यूल पुढे नेण्याची एक कमांड आहे. ती देण्यापूर्वी थीमच्या प्रकाशन-टिपणात किमान ह्युगो आवृत्ती बदलली आहे का ते वाचले, नंतर लॅपटॉपवर कुर्डूचे पान, शोधाचे पान आणि चित्रांचे एक पान उघडून पाहिले, मोबाईलवरही पाहिले, आणि मगच गिटहबवर ढकलले. माझ्या स्वतःच्या फोल्डरात प्रत घेऊन बदललेला थीमचा साचा एकच आहे, पानाच्या तळपट्टीचा. थीमने तो बदलला तर आपल्या प्रतीत बदल आपोआप येत नाही, हे ध्यानात ठेवून दर वेळी दोन्ही फायली शेजारी लावून पाहाव्या लागतात. तळपट्टीतला ह्युगो आणि थीम यांचा श्रेयनिर्देश मी तसाच ठेवला आहे. फुकट मिळालेल्या वस्तूचे तेवढे तरी देणे लागते. डोमेनचे नूतनीकरण जुलैमध्ये येईल. त्याची आठवण फोनवर जूनच्या पहिल्या आठवड्यातच लावली आहे, कारण जुलैत नेट असेलच असे नाही.